सायकलचे चार्जिंगचे दिवे: ब्राइटनेस आणि बॅटरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जानेवारीच्या मध्यावर सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास मावळतो. पहाटे साडेपाचला खडकवासल्याच्या दिशेने निघणारे आणि संध्याकाळी हिंजवडीहून सायकलने घरी परतणारे, दोघांचाही हिवाळा अंधारातच जातो. दसरा-दिवाळीपासून लाइटबद्दलचे प्रश्न सुरू होतात ते होळीपर्यंत चालूच राहतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं कुठल्याही एका कंपनीच्या दिव्यापुरती नाहीत. यूएसबीवर चार्ज होणारा कुठलाही लाइट असला तरी ती लागू पडतील.

नवीन लाइट घेतलाय, त्याला चार मोड आहेत. नेमका कोणता लावू?

रस्ता बघून ठरवा, आणि शक्यतो ज्याने काम भागतं त्यातला सगळ्यात खालचा मोड लावा. कर्वे रस्ता, जंगली महाराज रस्ता, सातारा रस्ता अशा ठिकाणी रस्त्यावरचे दिवे असतात. तिथे तुमच्या लाइटचं मुख्य काम तुम्ही इतरांना दिसावं एवढंच असतं. त्याला ५० ते १५० लुमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) पुरतात. आतल्या गल्ल्या, झाडांच्या दाट सावलीतले रस्ते, खोदून ठेवलेले रस्ते इथे २०० ते ३०० लुमेन ठेवा. खडकवासल्याच्या पुढे पानशेतकडे, किंवा पिरंगुट सोडून मुळशीकडे, जिथे रस्त्यावर एकही दिवा नाही, तिथे ३०० ते ५०० लागतात. घाट उतरताना याहून जास्त हवेत, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

बहुतेक जण लाइट सुरू केला की पहिला लागतो तो हाय मोडच ठेवतात आणि घरापासून घरापर्यंत तसाच चालवतात. बॅटरीच्या तक्रारी जास्त करून यातूनच येतात. चालत्या सायकलवर मोड बदलायची सवय लावून घ्या. बटण कुठे आहे, किती वेळा दाबलं की कोणता मोड येतो, हे बोटांना पाठ झालं पाहिजे. काही दिव्यांत हायनंतर थेट ब्लिंक येतो, तर काहींत मधे एक सेकंद दिवा पूर्ण बंद होतो. हे काळोखात, उतारावर कळण्यापेक्षा घरी हॉलमध्ये बसून बघून ठेवलेलं बरं.

घाट उतरताना जास्त उजेड का लागतो? रस्ता तर तोच असतो.

रस्ता तोच असला तरी वेग तो नसतो. ताशी २० किलोमीटर वेगाने सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर जाते. खड्डा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरा, आठ मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी चार-पाच मीटर. म्हणजे साधारण तेरा मीटरवरचा खड्डा दिसला तर तुम्ही वाचता. आता बोपदेव घाटातून ताशी ४० ने उतरताय असं समजा. दीड सेकंदात सोळा-सतरा मीटर गेले आणि थांबायला आणखी पंधरा-सोळा, म्हणजे एकूण बत्तीसच्या पुढे. रस्ता ओला असेल तर याहूनही जास्त.

अंतर दुप्पट झालं की तेवढाच उजेड पाडायला चौपट लुमेन लागतात, हा प्रकाशाचा साधा नियम आहे. अंतर अडीचपटीने वाढलं तर सहापटीहून जास्त. म्हणून सपाटीवर १५० लुमेनमध्ये निवांत चालवणाऱ्याला उतारावर ६००-८०० लुमेनही कमी वाटतात. तेवढा लाइट नसेल तर वेग कमी करा. तुमच्या उजेडाच्या आत थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा, यात तडजोड नको. पुण्याच्या आसपासच्या घाटांत वळणावर वाळू साचलेली असते, आणि पट्टे न मारलेले स्पीडब्रेकर तर कुठेही भेटतात.

घाट चढताना मात्र वेग ताशी आठ-दहा असतो. तिथे लाइट अगदी लोवर आणा. चढायला तास लागला तर तो सगळा तास बॅटरी वाचते आणि उतरताना हाय वापरायला हातात शिल्लक राहते. लांबच्या राइडमध्ये बॅटरी पुरवायची यापेक्षा सोपी युक्ती नाही.

खोक्यावर २० तास लिहिलंय, मला जेमतेम दीड तास मिळतो. लाइट खराब आहे का?

बहुधा नाही. २० तासांचा आकडा ब्लिंक किंवा सगळ्यात मंद मोडचा असतो, आणि मोठ्या अक्षरात छापलेले लुमेन हायचे असतात. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. बॅटरी ही पाण्याची टाकी आणि मोड हा नळ समजा. नळ पूर्ण सोडला की टाकी लवकर रिकामी होणारच. चांगल्या कंपन्या प्रत्येक मोडचे लुमेन आणि तास वेगवेगळे देतात. असा तक्ता नसेल तर तो लाइट घेताना दोनदा विचार करा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. टॉर्चसाठी एफएल-१ नावाचं एक अमेरिकन मानक आहे आणि सायकल लाइटचे काही उत्पादकही ते पाळतात. त्यात सुरू केल्यानंतर ३० सेकंदांनी असलेला उजेड १० टक्क्यांवर घसरेपर्यंतचा वेळ ‘रनटाइम’ म्हणून मोजतात. म्हणजे ५०० लुमेनचा लाइट ५० लुमेनवर आला तरी कागदोपत्री तो चालूच असतो. तुमच्या दृष्टीने त्याआधीच तो संपलेला असतो.

मग माझा लाइट खरोखर किती तास चालेल, हे कसं काढायचं?

दोन आकडे लागतात, बॅटरीची क्षमता आणि मोडचे लुमेन. क्षमता एमएएचमध्ये दिलेली असते. तिला १००० ने भागा आणि ३.७ ने गुणा, कारण लिथियम-आयन सेलचं सरासरी व्होल्टेज ३.७ असतं. उत्तर वॉट-अवरमध्ये येईल. २००० एमएएचची बॅटरी म्हणजे ७.४ वॉट-अवर.

आता उजेडाचा खर्च. एलईडी, आतलं सर्किट, भिंग या सगळ्यांतली घट धरून एका वॉटला साधारण १०० लुमेन पकडा. उत्तम दिवे याहून जास्त देतात, स्वस्तातले कमी. ४०० लुमेनला ४ वॉट लागले, तर ७.४ भागिले ४, म्हणजे पावणेदोन तासांच्या आसपास. २०० लुमेनवर साडेतीन तासांहून थोडे जास्त, १०० लुमेनवर सात तास. खालच्या मोडमध्ये एलईडी थंड राहतो आणि जास्त कार्यक्षमतेने चालतो, त्यामुळे प्रत्यक्षात या हिशोबापेक्षा थोडं अधिकच मिळतं.

हाच हिशोब खरेदीच्या वेळी करून बघा. जाहिरातीत १००० लुमेन, १२ तास आणि २००० एमएएच असे तीन आकडे एकत्र दिसले, तर १००० लुमेनला १० वॉट लागतात आणि १२ तासांना १२० वॉट-अवर. बॅटरीत आहेत ७.४. तीनपैकी निदान एक आकडा खोटा आहे हे दुकानात उभ्या उभ्या कळतं.

हिशोब झाला की एकदा प्रत्यक्ष मोजा. लाइट पूर्ण चार्ज करा, रोजच्या मोडवर लावून भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि समोर टेबलफॅन सुरू करा. सायकलवर लाइटला वारा लागतो, घरी लागत नाही, म्हणून फॅन. दर पंधरा मिनिटांनी भिंतीवरचा उजेड बघा, तो कधी उतरला ते मोबाइलवर लिहून ठेवा. इंडिकेटर लाल कधी झाला आणि त्यानंतर दिवा किती मिनिटं टिकला, हेही लिहा. त्या मिनिटांवरून कळतं की लाल झाल्यावर धायरीपासून स्वारगेटपर्यंत पोचाल की नाही. दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर ही चाचणी पुन्हा करा, बॅटरी किती थकली ते आपोआप समजेल.

मोड अर्ध्यावर आणला तर रस्ता अर्धाच दिसेल ना?

नाही. ४०० वरून २०० लुमेनवर आलात तर झोताचा पल्ला साधारण ७० टक्के उरतो आणि बॅटरी मात्र दुप्पट चालते. शिवाय डोळे अंधाराला सरावतात, काही मिनिटांत फरक जाणवेनासा होतो. उलट फार प्रखर झोत जवळच्या डांबरावर पडला तर बुबुळं आकसतात आणि त्या झोतापलीकडचं काहीच दिसत नाही. अंधाऱ्या रस्त्यावर मधला मोड अनेकदा हायपेक्षा आरामाचा वाटतो, त्याचं कारण हेच.

लाइट सुरू केल्यावर थोड्या वेळात आपोआप मंद होतो. का?

दोन कारणं असू शकतात. पहिलं उष्णता. ८००-१००० लुमेनवर छोटीशी अ‍ॅल्युमिनियमची बॉडी पाच-दहा मिनिटांत चांगलीच तापते. एलईडी जळू नये म्हणून आतलं सर्किट करंट कमी करतं. सिग्नलला थांबल्यावर दिवा मंद आणि सायकल चालू लागली की पुन्हा प्रखर होत असेल तर हेच कारण. एप्रिल-मेच्या संध्याकाळी हे जास्त होतं. यात बिघाड काही नाही.

दुसरं कारण बॅटरी उतरणं. पूर्ण चार्ज सेलचं व्होल्टेज ४.२ असतं, ते ३ च्या आसपास आलं की सर्किट सेलमधून वीज घेणं बंद करतं. साध्या लाइटमध्ये व्होल्टेजबरोबर उजेडही हळूहळू उतरत जातो. चांगल्या लाइटमध्ये तो बराच वेळ एकसारखा राहतो आणि शेवटी एकदम खालच्या पायरीवर येतो. अशा लाइटचा उजेड बघून बॅटरीचा अंदाज येत नाही, तिथे इंडिकेटरवरच लक्ष ठेवावं लागतं.

इंडिकेटर लाल झाला, मी मोड कमी केला तर पुन्हा हिरवा झाला. बिघडलाय?

इंडिकेटर बहुतेक लाइटमध्ये फक्त व्होल्टेज मोजतो. जास्त करंट ओढला की सेलचं व्होल्टेज तेवढ्यापुरतं खाली बसतं, ओढ कमी झाली की वर येतं. म्हणून हायवर लाल आणि लोवर हिरवा दिसतो. विश्वास लालवर ठेवा.

ब्लिंक मोडमध्ये बॅटरी खूप टिकते. मग तोच का लावू नये?

दिवसा लावा, जरूर लावा. पावसाळी दुपारी किंवा संधिप्रकाशात ब्लिंक चटकन नजरेत भरतो. ठरावीक अंतराने काही क्षणच पेटत असल्यामुळे बॅटरी कितीतरी पट टिकते.

रात्री पुढचा लाइट मात्र स्थिर ठेवा. ब्लिंकमध्ये तुम्हाला रस्ता तुकड्या-तुकड्यांत दिसतो. दोन उघडझापींच्या मधे सायकल दोन-तीन मीटर पुढे गेलेली असते आणि तेवढ्यात ड्रेनेजचं खचलेलं झाकण येऊन जातं. समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्यालाही ब्लिंकवरून तुमचं अंतर आणि वेग नीट जोखता येत नाही. जर्मनीत सायकलच्या दिव्यांना लुकलुकायला कायद्यानेच बंदी आहे. आपल्याकडे तसं बंधन नसलं तरी कारण इथेही तेच लागू आहे. काही लाइटमध्ये पल्स मोड असतो. त्यात दिवा कधीच पूर्ण विझत नाही, मंद-प्रखर होत राहतो. बॅटरी वाचवायची असेल तर रस्त्यावरचे दिवे असलेल्या भागात हा चालेल.

मागचा लाल दिवा किती प्रखर हवा?

रात्री २० ते ५० लुमेन पुरेत. दिवसा दिसायचं असेल तर १०० च्या पुढचा डे-फ्लॅश हवा, पण तोच मोड रात्री लावलात तर मागच्याला त्रास होतो. ग्रुपने जाताना तर मागच्या सायकलवाल्याच्या डोळ्यांपासून तुमचा लाल दिवा दोन हातांवर असतो. अशा वेळी सगळ्यांनी लो आणि स्थिर ठेवावा. ब्लिंक फक्त शेवटच्याने लावावा, तोही मंद.

मागच्या दिव्याची खरी अडचण ब्राइटनेसची नाहीच. तो विझला तर तुम्हाला कळत नाही. पुढचा गेला की लगेच समजतं, मागचा कात्रजला विझला तर थेट घरी आल्यावर लक्षात येतं, आणि मधल्या सगळ्या रस्त्यावर ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नसता. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. म्हणून मागे दोन दिवे लावा, एक सीटपोस्टवर (सीटखालच्या दांडीवर) आणि एक हेल्मेटवर किंवा चेनस्टेवर (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दांडीवर). एक स्थिर, एक ब्लिंकवर. दोन्ही एकाच दिवशी चार्ज करू नका, म्हणजे एकाच दिवशी संपणार नाहीत.

बसवल्यावर सायकल भिंतीला टेकवून दहा-पंधरा पावलं मागे जा आणि बघा. सॅडलबॅगने किंवा लोंबणाऱ्या रेनकोटने दिवा झाकला जातो का, तोंड आकाशाकडे किंवा टायरकडे तर नाही ना. रबरी पट्टा उन्हाने सैल झाला की दिवा हळूहळू खाली झुकतो आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

समोरचे लोक माझ्या लाइटवर ओरडतात. ब्राइटनेस कमी करू का?

आधी कोन बघा. हँडलवर लाइट जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतो. झोताचा मध्य १५ मीटरवर रस्त्याला टेकायला हवा असेल, तर भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी केल्यावर तो मध्य लाइटच्या उंचीपेक्षा सुमारे ३३ सेंटिमीटर खाली पडला पाहिजे. भिंतीवर खडूने खूण करा आणि लाइट त्या खुणेवर आणा. पाच मिनिटांचं काम आहे. खड्ड्यांतून गेल्यावर क्लॅम्प सरकतो, म्हणून अधूनमधून पुन्हा बघा.

गोल झोताच्या लाइटमध्ये एवढं करूनही वरचा अर्धा उजेड लोकांच्या डोळ्यांत आणि झाडांच्या फांद्यांवर जातो. तुम्ही त्याची बॅटरी भरता, पण रस्त्याला त्याचा उपयोग नाही. जर्मन नियमांप्रमाणे बनवलेल्या लाइटमध्ये कारच्या हेडलाइटसारखी वरची कड कापलेली असते, सगळा उजेड रस्त्यावरच पडतो. त्यांच्या खोक्यावर बऱ्याचदा लुमेनऐवजी लक्स लिहिलेले असतात, म्हणजे ठरावीक अंतरावर प्रत्यक्ष पडणारा उजेड. असा लाइट कमी लुमेनमध्येही तेवढाच रस्ता दाखवतो, साहजिकच बॅटरी जास्त चालते. बजेट असेल तर मी लुमेन वाढवण्याऐवजी यावर खर्च करीन.

बाणेरच्या अंधाऱ्या आतल्या रस्त्यावर समोरून चालत येणारे आजी-आजोबा दिसले तर मोड खाली आणा, किंवा हात आडवा धरा. त्यांना डोळ्यांसमोर अंधारी येऊन पाय मुरगळला तर तो तुमच्या लाइटमुळे.

पावसात चालेल का?

लाइट पाण्याला किती टिकतो हे आयपीएक्सच्या आकड्यावरून कळतं. खोक्यावर आयपीएक्स ४ असेल तर चहूबाजूंनी उडणारं पाणी सोसतो. आयपीएक्स ६ जोराच्या फवाऱ्याला टिकतो. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पुण्याच्या साध्या पावसाला ४ भागतं, पण जुलैमध्ये मुळशी-ताम्हिणीकडे जाणार असाल तर ६ किंवा ७ घ्या.

हे सगळे आकडे चार्जिंग पोर्टचं रबरी झाकण नीट बसलेलं असेल तरच खरे. ते झाकण कडेपर्यंत अंगठ्याने दाबून बसवा. पावसातून आल्यावर झाकण उघडून लगेच केबल खुपसू नका. आधी लाइट पुसा, मग झाकण उघडून तासभर पंख्याखाली ठेवा. पोर्टमध्ये ओल असताना चार्जिंग लावलं की पिनांवर हिरवट थर धरतो, पुढे केबल हलवून हलवून चार्ज करावं लागतं आणि एक दिवस तेही बंद होतं. चांगल्या बॅटरीचे कितीतरी दिवे असे पोर्टपायी फेकले जातात.

मोबाइलच्या फास्ट चार्जरने चार्ज केला तर जळेल का?

नाही. चार्जर ६५ वॉटचा असला तरी लाइट ५ व्होल्टवर त्याच्या सर्किटला हवा तेवढाच करंट घेतो. त्यामुळे चार्जिंग लवकरही होत नाही. अर्धा अ‍ॅम्पियर घेणाऱ्या लाइटमध्ये २६०० एमएएचचा सेल असेल तर सहा तास धराच.

टाइप-सी पोर्ट आहे, पण सी-टू-सी केबलने चार्जच होत नाही.

हा प्रश्न अलीकडे फार येतो. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर, पलीकडे यंत्र जोडलेलं आहे हे ओळखल्याशिवाय चार्जर वीज सोडत नाही. ती ओळख पटवायला लाइटच्या पोर्टमध्ये दोन छोटे रेझिस्टर असावे लागतात. स्वस्तात बनवताना अनेक उत्पादक ते गाळतात. तुमचा लाइटही ठीक आहे आणि चार्जरही. एका बाजूला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल वापरा, लगेच चार्ज होईल. राइडला जाताना तीच केबल बरोबर ठेवा, नाहीतर ढाब्यावर चार्जर मिळूनही उपयोग नाही.

रात्रभर चार्जिंगला लावून ठेवू का?

सेल भरला की सर्किट चार्जिंग थांबवतं, त्यामुळे चांगल्या लाइटला लगेच काही होत नाही. तरी मी लावत नाही. रात्री जेवताना लावा, झोपायच्या आधी काढा. गादीवर, सोफ्यावर, पडद्याजवळ चार्ज करू नका, फरशीवर किंवा ओट्यावर ठेवा. उन्हातून आलेला तापलेला लाइट आधी गार होऊ द्या, कारण ४५ अंशांच्या वर तापलेल्या सेलला चार्ज करणं त्याला मारक आहे.

प्रत्येक वेळी पूर्ण संपवून मगच चार्ज करायचा का?

ती सवय जुन्या निकेल-कॅडमियम सेलची. लिथियमला उलट चालतं, अर्धा उतरला की लावा. रोज ऑफिसला जाणाऱ्यांनी तर चार्जिंगचे वारच ठरवून टाकावेत.

पावसाळ्यात सायकल बंद असते. लाइट कसा ठेवू?

साधारण निम्मा चार्ज करून, कोरड्या आणि थंड जागी, कपाटात. पूर्ण भरलेला ठेवला तर सेल लवकर म्हातारा होतो. पूर्ण रिकामा ठेवला तर तो स्वतःहून आणखी उतरत जातो आणि ऑक्टोबरमध्ये चार्जच घेत नाही. दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा बंद कारमध्ये लाइट विसरू नका. उष्णतेइतकं लिथियम सेलचं नुकसान दुसरं काही करत नाही.

थंडीत बॅटरी कमी चालते का?

थोडी. पुण्याच्या आठ-दहा अंशांत फरक किरकोळ पडतो.

सॅकमध्ये टाकलेला लाइट आपोआप सुरू होऊन संपतो.

बटण दाबलं जातं. बऱ्याच लाइटमध्ये लॉक असतो, बटण काही सेकंद दाबून धरलं की लागतो. पुस्तिकेत बघा. हाय मोडवर सॅकमध्ये सुरू झालेला लाइट वाऱ्याअभावी इतका तापतो की कपड्याला डाग पडू शकतो, म्हणून हे नुसत्या बॅटरीपुरतं नाही. लॉक नसेल तर चष्म्याच्या कडक डबीत ठेवा. आणि हो, सायकल स्टँडला लावून जाताना लाइट काढून खिशात टाकाच.

दोन वर्षांत बॅटरी निम्मी झाली. सेल बदलता येतो का?

लिथियम सेल ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर साधारण ८० टक्क्यांवर येतो. रोज हायवर संपवणाऱ्याचं हे दीड-दोन वर्षांत होतं. अर्ध्या मोडवर चालवणाऱ्याला तोच सेल दुप्पट काळ पुरतो.

लाइटचं मागचं झाकण स्क्रूने उघडत असेल आणि आत १८६५० सेल असेल तर बदलणं सोपं. या आकड्याचा अर्थ १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं सामान मिळतं, तिथे चौकशी करता येईल. सेल कुठूनही घ्या, पण आकडा बघून घ्या. चांगल्या कंपनीचे १८६५० सेल साधारण २००० ते ३५०० एमएएचचे असतात. वेष्टणावर ९९०० लिहिलेलं दिसलं तर तो सेल हातातही घेऊ नका. संरक्षक सर्किटवाला सेल काही मिलिमीटर लांब असतो, तो तुमच्या लाइटमध्ये बसतो का ते मोजून बघा. अधिक-उणे उलटं घालू नका. चिकटवून बंद केलेला लाइट मात्र फोडू नका. पुन्हा जोडल्यावर तो पाण्याला टिकत नाही.

३०० किंवा ४०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला किती बॅटरी न्यावी?

ब्रेव्हे म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड. ३०० ला २० तासांची आणि ४०० ला २७ तासांची मुदत असते. ४०० ला अख्खी रात्र रस्त्यावर जाते. डिसेंबरातली रात्र तेरा तासांची. सरासरी २०० लुमेन, म्हणजे २ वॉट धरले तर २६ वॉट-अवर लागतील. २६०० एमएएचचा एक सेल साडेनऊच्या आसपास देतो. म्हणजे तीन सेल, किंवा एक सेल आणि पॉवर बँक. चढावर १००, सपाटीवर २००, उतारावर ५०० असं विभागून चालवलंत तर सरासरी २०० च्या आतच राहते.

पॉवर बँकेचा हिशोब करताना १०,००० एमएएच म्हणजे आतले ३७ वॉट-अवर. व्होल्टेज वर-खाली करण्यात बरंच वाया जातं, लाइटच्या सेलपर्यंत २० ते २५ पोचतात असं धरा. चार्जिंग सुरू असताना तुमचा लाइट पेटतो का, पेटला तर कोणत्या मोडवर, हे घरीच बघून ठेवा. काही लाइट केबल लावताच बंद होतात, काही फक्त लोवर चालतात. पेटत नसेल तर दुसरा छोटा लाइट हवाच. आणि केबल लावलेली असताना पोर्टचं झाकण उघडं राहतं, म्हणजे पावसात ही सोय नाही.

अंधारात पुढचे-मागचे दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट ब्रेव्हेत सक्तीचे असतात. पहाटे अडीच-तीनला डोळ्यांवर झापड येते तेव्हा मोड बदलायचं भान राहत नाही. कुठल्या टप्प्यावर कोणता मोड आणि कुठे सेल बदलायचा, हे कागदावर लिहून हँडलला चिकटवा.

लाइट फुगल्यासारखा वाटतोय, झाकण बसत नाही.

वापर ताबडतोब थांबवा. चार्ज करू नका, दाबू नका, टाचणी लावून हवा काढायचा प्रयत्न तर अजिबात नको. चपट्या पाऊच सेलमध्ये आत वायू साठला की तो असा फुगतो, आणि टोचला तर पेट घेऊ शकतो. घराबाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब, मातीच्या कुंडीत किंवा पत्र्याच्या डब्यात ठेवा. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादलीत टाकू नका. तो कचरा हातांनी निवडला जातो आणि गाडीत दाबला जातो. ई-कचरा म्हणून वेगळा द्या, देताना आत लिथियम बॅटरी आहे आणि ती फुगली आहे हे तोंडाने सांगा. सुटा सेल असेल तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून द्या.